घरगुती साधने आणि त्रिमितीय मुद्रण : मालकी, मुक्तता व दुरुस्ती यांचा इतिहास (१९८० ते २०२४)

प्रस्तावना

उद्योगांच्या इतिहासात गिरण्या, पोलाद कारखाने व रेल्वे यांविषयी विपुल लेखन झालेले आहे. घरात रोज हाताळल्या जाणाऱ्या लहानसहान साधनांच्या वाट्याला मात्र इतिहासकाराचे लक्ष क्वचितच आले. खुंटी, मूठ, झाकण, पकड, पडद्याची कडी, नळाची चकती ही साधने इतकी क्षुल्लक मानली जातात, की ती मोडेपर्यंत त्यांचे अस्तित्वही जाणवत नाही. मोडल्यानंतर मात्र एक महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो, आणि तो असा की, ही वस्तू पुन्हा घडविण्याचे ज्ञान, साधन आणि अधिकार कोणाजवळ आहेत?

प्लॅस्टिकचे भाग घरच्या घरी तयार करून देणारे त्रिमितीय मुद्रणयंत्र, म्हणजेच थ्रीडी प्रिंटर, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. या घटनेचे वर्णन बहुधा तंत्रज्ञानाचा चमत्कार म्हणून केले जाते. प्रस्तुत लेखात तिचा विचार ज्ञानाच्या मालकीचा इतिहास म्हणून केला आहे. हे यंत्र घरात येण्यास विलंब का झाला, ते कोणत्या मार्गाने आले आणि घरात आल्यावर त्याने प्रत्यक्षात काय साधले, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधणे हा या विवेचनाचा हेतू होय.

साच्याचे अर्थशास्त्र

त्रिमितीय मुद्रणाचे महत्त्व समजण्यासाठी प्रथम प्लॅस्टिकची वस्तू कारखान्यात कशी बनते, हे पाहणे आवश्यक आहे. वितळलेले प्लॅस्टिक मोठ्या दाबाने धातूच्या साच्यात भरून ते थंड झाल्यावर वस्तू बाहेर काढणे, ही सर्वाधिक प्रचलित पद्धत आहे. या पद्धतीत साचा तयार करण्याचा खर्च फार मोठा असतो. परंतु तो एकदा तयार झाला की प्रत्येक वस्तूवर होणारा खर्च अत्यल्प राहतो. साहजिकच एकाच आकाराच्या हजारो वस्तू काढल्या तरच साच्याचा खर्च भरून निघतो.

या अर्थशास्त्राचे दोन परिणाम झाले. एका बाजूने प्लॅस्टिकची साधने स्वस्त झाली आणि गरिबाच्या घरापर्यंत पोहोचली. दुसऱ्या बाजूने एकच नग हवा असणारा माणूस या व्यवस्थेच्या बाहेर राहिला. मिक्सरच्या बटणाचा कान तुटला किंवा कपाटाच्या दाराचा चाप मोडला, तर तो एकटा भाग बनवून देणे कोणालाही परवडत नाही. उत्पादकाने तो भाग विकणे बंद केले असेल, तर उरलेली धडधाकट वस्तूही भंगारात जाते. लाकडी मूठ सुतार बदलून देत असे, लोखंडी कडी लोहार सांधून देत असे. प्लॅस्टिकच्या भागाला मात्र असा कारागीर लाभला नाही. त्रिमितीय मुद्रणाने ही उणीव काही अंशी भरून काढली. कारण या पद्धतीत साचाच लागत नाही. पहिल्या नगाला जेवढा खर्च येतो, जवळजवळ तेवढाच शंभराव्या नगालाही येतो.

शोध आणि मालकी : १९८० ते १९९२

या तंत्राचा आरंभ एकाच व्यक्तीच्या नावावर नोंदविता येत नाही. जपानमधील नागोया नगरपालिकेच्या औद्योगिक संशोधन संस्थेतील हिदेओ कोदामा यांनी प्रकाशामुळे घट्ट होणाऱ्या द्रव रेझिनचे थर एकावर एक रचून वस्तू बनविण्याची पद्धत विकसित केली. त्यांनी १९८० मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९८१ मध्ये आपले संशोधन प्रसिद्धही केले. परंतु विहित मुदतीत पुढील कार्यवाही न झाल्याने त्यांना पेटंट मिळाले नाही. फ्रान्समध्ये अलँ ल मेओते, ऑलिव्हिये द विट व झाँ-क्लोद आंद्रे यांनी १६ जुलै १९८४ रोजी अशाच पद्धतीसाठी अर्ज दाखल केला. त्यात व्यापारी लाभाची शक्यता न दिसल्याने तो प्रयत्न सोडून देण्यात आला. त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, ८ ऑगस्ट १९८४ रोजी, अमेरिकेतील चार्ल्स हल यांनी अर्ज केला. ११ मार्च १९८६ रोजी त्यांना पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी थ्रीडी सिस्टिम्स ही कंपनी स्थापन झाली.

घरगुती साधनांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची ठरलेली पद्धत याहून वेगळी होती. अमेरिकेतील स्कॉट क्रंप यांनी १९८८ मध्ये आपल्या लहान मुलीसाठी खेळण्यातला बेडूक बनविण्याचे ठरविले. त्यासाठी त्यांनी गरम गोंद सोडणाऱ्या बंदुकीत पॉलिथिलीन व मेणबत्तीचे मेण यांचे मिश्रण भरले आणि त्याचे थर एकावर एक चढविले. या घरगुती खटपटीतून प्लॅस्टिकचा तंतू वितळवून थराथराने वस्तू रचण्याची पद्धत निघाली. क्रंप यांनी १९८९ मध्ये पत्नी लिसा यांच्यासह स्ट्रॅटॅसिस ही कंपनी स्थापन केली. ३० ऑक्टोबर १९८९ रोजी दाखल झालेल्या त्यांच्या अर्जास ९ जून १९९२ रोजी पेटंट मंजूर झाले.

येथे एक विसंगती नजरेत भरते. जी पद्धत एका बापाने घरात, मुलीच्या खेळण्यासाठी वापरून पाहिली, ती पुढची जवळजवळ दोन दशके घरात येऊ शकली नाही. मोटारी, विमाने व यंत्रे बनविणाऱ्या उद्योगांत नमुने तयार करण्यासाठी ही महागडी यंत्रे वापरली जाऊ लागली. तंत्र तुलनेने साधे होते. वितळविणारे तोंड, ते तीन दिशांनी हलविणारी चौकट आणि त्यावर नियंत्रण ठेवणारा संगणक एवढेच त्याचे मुख्य घटक होत. ते घरापासून दूर राहिले, यास तांत्रिक अडचणींइतकीच मालकीची चौकटही कारणीभूत होती.

बाथ येथील प्रयोग : २००४ ते २००९

ही कोंडी फोडण्याचा प्रयत्न इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात झाला. तेथील यांत्रिक अभियांत्रिकीचे अध्यापक एड्रियन बोयर यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये एक टिपण प्रसिद्ध करून स्वतःचेच भाग बनविणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली. स्वतःची प्रतिकृती घडविणाऱ्या यंत्राचा सैद्धांतिक विचार गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस केलेला होता. बोयर यांनी त्या विचाराला व्यवहाराची जोड दिली. त्यांच्या यंत्राने आपले प्लॅस्टिकचे भाग स्वतः बनवावेत, सळ्या, नटबोल्ट व मोटार बाजारातून आणावेत आणि जुळणी माणसाने करावी, अशी ती योजना होती. फूल व कीटक जसे परस्परांच्या आधाराने टिकतात, तसाच संबंध यंत्र व माणूस यांच्यात त्यांना अभिप्रेत होता. प्रकल्पास ‘रेपरॅप’ हे नाव मिळाले आणि यंत्रांना डार्विन, मेंडेल, हक्स्ली अशी जीवशास्त्रज्ञांची नावे देण्यात आली.

बोयर यांचा सर्वांत दूरगामी निर्णय तांत्रिक नव्हता. यंत्राची सर्व आरेखने व संगणकप्रणाली त्यांनी मुक्त परवान्याखाली खुली केली. कोणीही ती घ्यावीत, सुधारावीत आणि केलेली सुधारणा इतरांना खुली ठेवावी, असा त्या परवान्याचा आशय होता. २००७ मध्ये डार्विन हे पहिले पूर्ण यंत्र तयार झाले. नटबोल्ट वगळता त्याचे जवळजवळ निम्मे भाग तशाच यंत्रावर बनविता येत होते. २९ मे २००८ रोजी बाथ येथे मूळ यंत्रापासून झालेले दुसरे यंत्र जुळवून पूर्ण झाले आणि काही मिनिटांतच त्याने तिसऱ्या पिढीच्या यंत्राचा एक भाग घडविला.

या घटनेची नोंद बहुतेक ठिकाणी आढळते. तिच्या सहा आठवडे आधीची एक नोंद मात्र दुर्लक्षित राहते. १४ एप्रिल २००८ रोजी या यंत्रावर एक पकड बनविण्यात आली. मोटारीच्या समोरील फळीवर आयपॉड घट्ट बसविणे एवढेच तिचे काम होते. यंत्राच्या स्वतःच्या भागांखेरीज प्रत्यक्ष वापरासाठी बनविलेली ही बहुधा पहिलीच वस्तू, असे प्रकल्पाच्या कालपटात नमूद आहे. विशिष्ट मोटार आणि विशिष्ट उपकरण यांच्यामधली नेमकी फट भरून काढणारी ही वस्तू होय. घरगुती मुद्रणयंत्राचे पुढील सर्व कार्य या एका पकडीत बीजरूपाने दिसून येते.

बाजारपेठ आणि मुक्ततेचा संघर्ष : २००९ ते २०१६

ऑक्टोबर २००९ मध्ये क्रंप यांच्या मूळ पेटंटची मुदत संपली आणि त्यामुळे स्वस्त यंत्रांचा मार्ग मोकळा झाला, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. न्यूयॉर्क येथील मेकरबॉट कंपनीने सुमारे ७५० डॉलर किमतीचा ‘कपकेक’ हा सुट्या भागांचा संच एप्रिल २००९ मध्ये, म्हणजे मुदत संपण्यापूर्वीच, विक्रीस आणला होता. पेटंट संपल्याने व्यापाराला निर्धास्तपणा आला. परंतु त्या क्षणी तयार आरेखने, चाचणी झालेली यंत्रे आणि जाणकार हात उपलब्ध होते, ते पाच वर्षांच्या मुक्त परिश्रमामुळे. पेटंटच्या अंतामुळे केवळ परवानगी मिळाली. क्षमता त्याआधीच निर्माण झालेली होती.

या मुक्त परंपरेला लवकरच धक्का बसला. मेकरबॉटने सप्टेंबर २०१२ मध्ये ‘रेप्लिकेटर २’ हे यंत्र बाजारात आणताना त्याची आरेखने खुली केली नाहीत. रेपरॅप परंपरेतील चेक तंत्रज्ञ योसेफ प्रुशा आणि मेकरबॉटचे एक सहसंस्थापक झॅक स्मिथ यांनी त्याविरुद्ध जाहीर नाराजी व्यक्त केली. ज्यांच्या सुधारणांवर हा व्यवसाय उभा राहिला, त्या असंख्य स्वयंसेवकांचा त्यात विश्वासभंग झाला, ही या आक्षेपामागील भावना होती. २०१३ मध्ये स्ट्रॅटॅसिसने सुमारे ४० कोटी डॉलर मूल्याचे समभाग देऊन मेकरबॉट विकत घेतली. ज्या कंपनीच्या पेटंटची मुदत संपल्यामुळे हे क्षेत्र मोकळे झाले, तिच्याकडेच त्यातील अग्रेसर संस्था गेली.

प्रत्येक घर कारखाना होईल, असे भाकीत याच काळात केले जात होते. ते खरे ठरले नाही. एप्रिल २०१५ मध्ये मेकरबॉटने कर्मचारी कपात केली व आपली तिन्ही किरकोळ दुकाने बंद केली. सर्वसामान्य कुटुंबाला यंत्राची जुळवाजुळव करण्याची हौस नव्हती आणि दुकानात सहज मिळणारी वस्तू तासन्तास छापत बसण्याचे कारणही नव्हते.

मुक्त परंपरा मात्र खंडित झाली नाही. प्रुशा यांनी प्राग येथे स्थापन केलेल्या कंपनीत यंत्रांचे प्लॅस्टिकचे भाग यंत्रांवरच छापले जात. वस्तूच्या आरेखनाचे थरांत विभाजन करणारी ‘स्लायसर’ ही प्रणाली अलेस्सांद्रो रानेलुच्ची यांनी २०११ मध्ये सुरू केली. तिच्यापासून प्रुशा यांच्या कंपनीची प्रणाली विकसित झाली आणि तिच्याच आधारे २०२२ मध्ये पुढे आलेल्या बांबू लॅब या चिनी कंपनीची प्रणाली तयार झाली. अशा रीतीने व्यापारी यंत्रांच्या पोटातही मुक्त ज्ञानाचा वारसा वाहत राहिला.

घराने प्रत्यक्षात काय बनविले?

२००८ च्या अखेरीस थिंगिव्हर्स हे आरेखनांचे खुले भांडार सुरू झाले. लोकांनी तेथे जमा केलेल्या आरेखनांत खेळण्यांबरोबरच खुंट्या, कंस, मुठी, झाकणे, डब्यांचे विभाजक व यंत्रांचे सुटे भाग यांचा मोठा भरणा आहे. अमेरिकेतील मिशिगन तंत्रज्ञान विद्यापीठातील जोशुआ पिअर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अशा २० वस्तूंचा आर्थिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत पडद्याच्या कड्या, लसूण चेचण्याचा चिमटा, चमचा ठेवण्याचा आधार अशा वस्तू होत्या. त्या सर्व छापण्यास सुमारे १८ डॉलर, तर बाजारातून घेण्यास सुमारे ३०० ते १,९०० डॉलर लागतील, असा त्यांचा निष्कर्ष होता. या हिशेबात छपाईसाठी लागणाऱ्या मानवी श्रमाचे व फसलेल्या प्रयत्नांचे मोल कसे धरावे, हा प्रश्न विचारता येतो. तथापि, ज्या वस्तूंची गरज माफक पण आकार नेमका असतो, तेथे या यंत्राचा लाभ स्पष्ट आहे, हे त्यातून निश्चितपणे दिसून येते.

याच काळात आरेखनाच्या पद्धतीतही बदल झाला. ओपनस्कॅडसारख्या मुक्त प्रणालीत वस्तूचा आकार संख्यांनी सांगितला जातो. एखाद्या पकडीचा व्यास ही एक संख्या असते. ती बदलली की नव्या मापाची पकड तयार होते. त्यामुळे एका घरासाठी केलेले आरेखन दुसऱ्या घरातील नळाला, सळईला किंवा फळीला जुळविता येऊ लागले. मापे घेऊन वस्तू बेतण्याची कारागिराची जुनी रीत साच्याच्या युगात मागे पडली होती. ती येथे नव्या रूपात परतली.

तंत्राच्या मर्यादाही अनुभवातून उलगडत गेल्या. थराथराने रचलेली वस्तू थरांच्या सांध्यावर दुबळी असते. उभी छापलेली खुंटी भाराने सांध्यावर तुटते, तर आडवी छापलेली तीच खुंटी टिकते. मक्यासारख्या पिकांच्या स्टार्चपासून बनणारे पीएलए हे प्लॅस्टिक छापण्यास सोपे असले, तरी सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाला मऊ पडते. उन्हात उभ्या मोटारीत त्याची पकड वाकू शकते. थरांमधील बारीक खाचांत अन्नकण साचतात, म्हणून स्वयंपाकघरातील भांड्यांसाठी अशी वस्तू जपून वापरावी लागते. इलिनॉय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१३ मध्ये छपाईच्या वेळी हवेत मिसळणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचे मापन केले. त्यांनी तपासलेल्या यंत्रांपैकी एबीएस प्लॅस्टिक वापरणाऱ्यांतून दर मिनिटाला सुमारे २०० अब्ज, तर पीएलए वापरणाऱ्यांतून सुमारे २० अब्ज कण बाहेर पडत होते. बंद खोलीत हे यंत्र चालवू नये, हा त्याचा व्यावहारिक अर्थ होय. फसलेल्या छपाईचा प्लॅस्टिकचा कचरा हीदेखील दुर्लक्षिण्याजोगी बाब नाही.

पाबळची वाट : घराऐवजी गावाची कार्यशाळा

प्रत्येक घरात यंत्र, हा या इतिहासाचा एकमेव मार्ग नव्हता. बोयर यांच्या प्रकल्पापूर्वीच दुसरा मार्ग आखला जात होता आणि त्यात महाराष्ट्रातील एका गावाचे स्थान महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत नील गर्शेनफेल्ड यांनी १९९८ मध्ये जवळजवळ कोणतीही वस्तू कशी बनवावी, हे शिकविणारा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातून संगणकनियंत्रित यंत्रांनी सज्ज अशा सामाईक कार्यशाळेची, म्हणजे ‘फॅब लॅब’ची, कल्पना पुढे आली. एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमात उभी राहिली.

हा केवळ योगायोग नव्हता. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या या आश्रमाचा पायाच हाताने काम करीत शिकण्याच्या तत्त्वावर घातलेला होता. शाळेत न रमलेल्या ग्रामीण मुलांना वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी व शेतीची कामे शिकवून त्यांतून विज्ञानाकडे नेणे, ही तेथील रीत होती. म्हणून नवी यंत्रे तेथे आली, तेव्हा त्यांना काम देणारे प्रश्न आधीच हजर होते. एकट्या कुटुंबाला न परवडणारे यंत्र गावाच्या मालकीचे असावे, हा विचार भारतीय परिस्थितीस अधिक अनुरूप ठरतो. २०१६ पासून केंद्र शासनाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेखाली देशातील हजारो शाळांत अशी यंत्रे पोहोचली. तेथे ती प्रदर्शनापुरती ठेवली जातात की गावातील मोडक्या वस्तूंच्या दुरुस्तीस लावली जातात, यावर या योजनेचे खरे मूल्य अवलंबून आहे.

दुरुस्तीचा हक्क

सुटा भाग घरी बनविणे कायदेशीर आहे काय, हा प्रश्नही या काळात उपस्थित झाला. सायमन ब्रॅडशॉ, एड्रियन बोयर व पॅट्रिक हाउफे यांनी २०१० मध्ये ब्रिटिश कायद्याच्या संदर्भात त्याचे विवेचन केले. खासगी व बिगरव्यापारी वापरासाठी केलेली निर्मिती पेटंट व आरेखनाच्या हक्कांचे उल्लंघन ठरत नाही आणि जुळणाऱ्या सुट्या भागांसही कायद्यात सवलती आहेत, असे त्यांनी दाखवून दिले.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये वस्तूंच्या दुरुस्तीविषयी निर्देश संमत केला. निर्देशाच्या कक्षेत येणाऱ्या वस्तूंच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र कारागीर कायदेशीर असे जुने, जुळते किंवा त्रिमितीय मुद्रणाने बनविलेले सुटे भाग वापरत असेल, तर उत्पादकाने त्यास अडथळा करू नये, अशी तरतूद त्यात आहे. सदस्य राष्ट्रांसाठी ३१ जुलै २०२६ ही अंमलबजावणीची मुदत ठरविण्यात आली. हौशी मंडळींचा खेळ समजल्या गेलेल्या या भागाला येथे मोठ्या बाजारपेठेच्या कायद्यात नावानिशी स्थान मिळाले.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. घरगुती मुद्रणयंत्राच्या प्रसारास झालेल्या विलंबामागे तंत्राच्या अपुरेपणाइतकीच मालकीची व्यवस्थाही होती. पेटंटची मुदत संपणे आवश्यक होते. परंतु मुक्तपणे वाटून घेतलेले ज्ञान आधीपासून सिद्ध नसते, तर केवळ मुदत संपल्याने हे यंत्र घराघरांत पोहोचले नसते.

२. प्रत्येक घर कारखाना होईल, हे भाकीत फोल ठरले. या यंत्राने साच्यातून निघणाऱ्या वस्तूंची जागा घेतली नाही. साचा जेथे पोहोचू शकत नाही, ती जागा भरली. एकच नग, नेमके माप आणि मोडलेला सुटा भाग हे त्याचे खरे क्षेत्र होय.

३. मर्यादित साधनांच्या समाजात सामाईक कार्यशाळा हा खासगी मालकीस समर्थ पर्याय ठरू शकतो. पाबळचा प्रयोग त्या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

४. तंत्राचा प्रश्न अखेरीस हक्काच्या प्रश्नाशी येऊन मिळतो. विकत घेतलेली वस्तू दुरुस्त करण्याचा अधिकार नसेल, तर तिची मालकी अपुरीच राहते.

मोटारीत आयपॉड धरून ठेवणारी २००८ ची ती पकड आज कोणाच्या स्मरणात नसेल. ती कोणत्याही दुकानात मिळत नव्हती आणि कोणत्याही कारखान्याला ती बनविणे परवडले नसते. ज्याला तिची गरज होती, त्यानेच ती घडविली. प्लॅस्टिकच्या वस्तूंच्या बाबतीत लोप पावलेले हे सामर्थ्य पुन्हा सामान्य माणसाच्या हाती येणे, हाच या इतिहासाचा सारांश होय.